१० मीटर एअर पिस्तूल: स्कोअर ६०० पैकी ५५० ला अडकलाय, पिस्तूल सेट करू की हात?

कर्वेनगरकर

नमस्कार मंडळी. इथे नेमबाजीवाले बरेच जण आहेत म्हणून लिहितोय, जरा मोठं होईल, सांभाळून घ्या.

वय ३६, नोकरी हिंजवडीत. अडीच वर्षं झाली एअर पिस्तूल मारतोय. सकाळी बालेवाडीला रेंज, तिथूनच ऑफिस, घरी यायला रात्रीचे आठ. पहिल्या वर्षी ५१० वरून ५४० पर्यंत भराभर चढलो आणि आता गेले सात-आठ महिने ५४६, ५५१, ५४८, ५५० असंच चाललंय. पिस्तूल माझं स्वतःचं आहे, स्टायर एलपी १०, सेकंडहँड घेतलेलं, मेकॅनिकल ट्रिगर.

आता मूळ मुद्दा. रेंजवरच्या एका मित्राचा ट्रिगर हातात घेऊन बघितला, इतका हलका आणि स्वच्छ तुटतो की माझा अगदीच जड वाटायला लागला. मग घरी बसून मी स्क्रू फिरवले. वजन मोजायचं साधन घरी नव्हतं, बोटाच्या अंदाजाने केलं. मागच्या महिन्यात स्पर्धेला गेलो, इक्विपमेंट कंट्रोलला त्यांनी नळी सरळ वर धरून ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन अडकवलं, उचललं, टक्. तेवढ्या वजनाला ट्रिगर तुटला म्हणजे नापास. परत उचललं, परत टक्. तिसऱ्यांदाही तेच. माझ्या डिटेलला (तुकडीच्या पाळीला) वीस मिनिटं राहिली होती. शेजारच्या एका काकांनी अ‍ॅलन की दिली, कसंबसं वजन वाढवलं, पास झालो. पण तोवर आतून पार हललो होतो, आणि हातातला ट्रिगर तर पूर्ण अनोळखी. पहिली सीरिज (दहा शॉट) ८४. एकूण ५३७. घरी येऊन दोन दिवस पिस्तुलाची पेटी उघडली नाही.

माझे खराब शॉट जवळपास सगळे सात-आठ वाजताच्या बाजूला, म्हणजे डावीकडे खाली जातात (मी उजव्या हाताने मारतो). प्रश्न असा की एफडी मोडून इलेक्ट्रॉनिक ट्रिगरवालं नवं पिस्तूल घ्यावं का, की आहे त्याचाच ट्रिगर कोणाकडून नीट सेट करून घ्यावा? का ग्रिप (लाकडी मूठ) बदलू? खरंच मनापासून विचारतोय, हा खेळ मला फार जवळचा झालाय.

जुनी_पेठ

एफडी मोडू नका. सात-आठ वाजता म्हणजे उजव्या हातवाल्याचा सरळ सरळ ट्रिगर स्नॅच, ट्रिगरला झटका. नव्या पिस्तुलातून पण शॉट तिथेच जाईल.

कॅन्टोन्मेंट

जुनी_पेठ यांच्याशी सहमत. आणि इलेक्ट्रॉनिक घेतलं की प्रश्न सुटला असं पण नाही, टोकियो ऑलिंपिकला मनू भाकरचा इलेक्ट्रॉनिक ट्रिगर ऐन मॅचमधे बंद पडला होता, दुरुस्तीत किती वेळ गेला ते आपण सगळ्यांनी बघितलं. त्यातूनही तिने ५७५ मारले, १२ वी आली, फायनल आठ जणांची. तीच मुलगी २०२४ ला पॅरिसहून दोन ब्राँझ घेऊन आली. मी स्वतः मोरिनी इलेक्ट्रॉनिक वापरतो, चांगलंच आहे, तक्रार नाही. पण माझा स्कोअर पिस्तूल बदलल्यावर नाही वाढला, त्यानंतर एका वर्षाने वाढला.

निवृत्त_सुभेदार

कर्वेनगरकर, तुमची पोस्ट दोनदा वाचली. ८४ ची सीरिज मारून पण तुम्ही लेन सोडली नाहीत, साठ शॉट पूर्ण केलेत, हे आधी सांगतो.

आता ट्रिगर. नियमात किमान ५०० ग्रॅम आहे, कमाल काही नाही. बरोब्बर ५०० वर ठेवायचं नसतं, ५१० ते ५२० ठेवा. रेंजवर टेस्ट वेट असतं, नसेल तर चारजणांत मिळून एक घ्या, आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी तपासा, सकाळी लाईनमधे उभं राहून नाही. दुसरं म्हणजे हलका ट्रिगर आणि स्वच्छ ट्रिगर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्हाला मित्राचा आवडला तो हलका म्हणून नाही, त्याच्या सेकंड स्टेजला चालढकल नाही म्हणून. फर्स्ट स्टेज म्हणजे बोटाने घ्यायचा तो मोकळा प्रवास, मग एक भिंत लागते, त्या भिंतीवर थोडा दाब वाढला की शॉट गेला पाहिजे. माझ्याकडे येणाऱ्या पोरांना मी वजनाचा मोठा भाग फर्स्ट स्टेजला ठेवायला सांगतो, म्हणजे भिंतीपर्यंत येताना बोटावर खरोखर काहीतरी असतं आणि पुढे थोडंसंच उरतं. ट्रिगर स्टॉप पण बघून घ्या, शॉट गेल्यावर ट्रिगर मागे खूप धावत असेल तर बोट धक्का देतं. हे सगळं जाणकार माणसाला समोर बसवून करा आणि एकदा झालं की स्क्रूवर नेलपॉलिशचा ठिपका लावा. ठिपका तुटला नाही तोवर ट्रिगर तोच आहे, मनात शंका नको. सहा महिने हात लावायचा नाही.

आणि भिंत. घरची पांढरी भिंत, टार्गेट नाही, काही नाही. पेलेट (छर्रा) नाही याची खात्री दोनदा करा, मग भिंतीपासून हातभर अंतर सोडून उभे राहा, पिस्तूल उचला, फ्रंट साईट (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) बघा, ड्राय मारा, म्हणजे पेलेटशिवाय नुसता ट्रिगर दाबा. शॉट तुटताना फ्रंट साईट हललं का एवढंच बघायचं. टार्गेट समोर असलं की डोळा टार्गेटवर धावतो, काळा गोळा दिसला की बोट घाई करतं. भिंतीवर दहा नाही, सात नाही, मग घाई कशाला करेल? रोज वीस मिनिटं. मी फौजेत असताना आमचे उस्ताद दोन महिने आम्हाला एक गोळी देत नव्हते.

गणिताचे_सर

सुभेदार साहेबांनी साईटचं सांगितलं त्यामागचं गणित देतो, माझ्या विद्यार्थ्यांना त्रिकोणांच्या समरूपतेसाठी हेच उदाहरण देतो, मुलं कान टवकारतात.

दहाचं वर्तुळ ११.५ मिमी व्यासाचं, पेलेट ४.५ मिमीचं. रेषेला नुसता स्पर्श झाला तरी वरचा गुण मिळतो, म्हणजे पेलेटचं केंद्र मध्यापासून ८ मिमीच्या आत असलं की दहा. आता दोन चुका वेगळ्या करून बघा. पहिली चूक, दोन्ही साईट एका रेषेत आहेत पण अख्खा हात ५ मिमी खाली गेला. शॉट पण ५ मिमीच खाली. दहा. दुसरी चूक, हात जागेवर आहे पण मनगट किंचित वळलं आणि फ्रंट साईट मागच्या खाचेत १ मिमी सरकलं. दोन साईटमधलं अंतर साधारण ३३ सेंटीमीटर, टार्गेट १० मीटरवर, म्हणजे चूक तीसपट होऊन जाते, शॉट ३ सेंटीमीटर बाहेर. तो सात.

एक मिलिमीटर म्हणजे क्रेडिट कार्डाच्या जाडीपेक्षा जरासं जास्त. म्हणून हात हलतो याची काळजी सोडा, सगळ्यांचाच हलतो. खाचेत फ्रंट साईटच्या दोन्ही बाजूंना प्रकाशाची फट सारखी आहे का तेवढं बघा, टार्गेट धूसर दिसलं पाहिजे, धूसर म्हणजे बरोबर.

कर्वेनगरकर

सर, हे मला अडीच वर्षांत कोणी असं सांगितलं नव्हतं. ‘फ्रंट साईट बघ’ हजार वेळा ऐकलं पण का ते आज कळलं. मी कायम हात स्थिर करायच्या मागे होतो, खांद्याचे व्यायाम, डंबेल, सगळं.

सुभेदार साहेब, भिंतीवर काल मारून बघितलं. वीस ड्रायमधे तेरा वेळा फ्रंट साईट डावीकडे झुकलं. रेंजवर हे कधी दिसलंच नाही कारण शॉट गेला की नजर लगेच स्क्रीनवर.

अजून एक लक्षात आलं. ट्रिगरवर बोट ठेवलं की माझं बोट ग्रिपच्या लाकडाला बाजूने घासतंय. ग्रिप मीडियम आहे, आधीच्या मालकाने घासूनपुसून त्याच्या हातासारखी केलेली. हे कारण असू शकेल का?

रंधा_पटाशी

असू शकेल काय, तेच आहे! आता मला लिहू द्या, माझा विषय आलाय. मी सुतारकामातला माणूस, नेमबाजी नंतर आली, आतापर्यंत तीस-एक ग्रिप केल्या असतील.

बोट लाकडाला टेकत असेल तर दाबताना ते लाकडाला पण ढकलतं, आणि ग्रिप ढकलली की पिस्तूल फिरतं. बोट मोकळं हवं, पहिल्या पेराचा मधला मांसल भाग ट्रिगरवर, आणि दाब सरळ मागे, आपल्या दिशेने. तिथलं लाकूड काढायचं. रविवार पेठेत बोहरी आळीत जा, अर्धगोल बारीक कानस आणि १२०, २२० चे पॉलिश पेपर घ्या, शंभर-दोनशे रुपयांत होतं. पण एकदम कानस चालवू नका. आधी हाताला टाल्कम पावडर लावा, ग्रिप नेहमीसारखी पकडा, पिस्तूल उचला, अर्धा मिनिट धरा, आणि सावकाश सोडा. जिथे पावडर दाबून बसली तिथे हात टेकतोय, जिथे लाकूड कोरडं राहिलं तिथे पोकळी आहे. हे पाच वेळा करा आणि दरवेळी फोटो काढा. पाचही फोटो सारखे आले तर ग्रिप तुमची आहे. वेगवेगळे आले तर तुम्ही दरवेळी पिस्तूल वेगळं पकडताय, आणि मग कुठलाही ट्रिगर घातला तरी ग्रुप एका जागी बसणार नाही.

पोकळी असेल तिथे एपॉक्सी पुट्टी भरायची, आपलं एम-सील चालतं. हाताला थोडं तेल लावून ओल्या पुट्टीवर ग्रिप पकडायची म्हणजे तळहाताचा ठसा उमटतो, रात्रभर सुकू द्यायचं, मग पॉलिश पेपर. अंगठा आणि तर्जनी यांच्यातला खळगा पार वर, घट्ट बसला पाहिजे, मधे हवा नको. खालची पाम शेल्फ (मुठीची आडवी फळी) तळहाताला नुसती टेकेल इतकीच वर घ्या, आवळून ठेवली तर तासाभराने हात बधिर होतो. मी पहिल्या ग्रिपला ती चूक केली होती, चाळिसाव्या शॉटला करंगळी कळत नव्हती.

नियम लक्षात ठेवा, ग्रिप मनगटाला आधार देता कामा नये आणि अख्खं पिस्तूल ४२० x २०० x ५० मिमीच्या पेटीत बसलं पाहिजे, त्यामुळे पुट्टी भरताना जाडीकडे लक्ष. आणि एका दिवसात एकच जागा घासा. एकच. घासली की दोन दिवस मारा, वहीत लिहा, मग पुढची. काढलेलं लाकूड परत येत नाही. पावसाळ्यात ग्रिप जरा फुगल्यासारखी वाटते, तेव्हा घासायला बसू नका, दिवाळीपर्यंत थांबा.

मुलीची_आई

मधेच विचारतेय, माफ करा. मुलगी तेरा वर्षांची आहे, शाळेच्या शिबिरात पहिल्यांदा पिस्तूल धरलं आणि आता दुसरं काही सुचत नाही, कपाटावर राही सरनोबतचा फोटो लावलाय. क्लबचं पिस्तूल तिला जड जातं, पंधरा मिनिटांत खांदा दुखतो म्हणते. तिच्यासाठी हलकं घ्यावं का? आणि लायसन्स वगैरे लागतं का हो?

निवृत्त_सुभेदार

ताई, माफी कसली. राहीने २०१८ च्या एशियाडमधे २५ मीटर पिस्तूलला सुवर्ण घेतलं, एशियाडमधे नेमबाजीचं सुवर्ण घेणारी ती पहिली भारतीय महिला, कोल्हापूरची पोर. फोटो योग्य लावलाय.

पिस्तूल साधारण एक किलोचं असतं आणि ते एका हाताने, लांब धरायचं, तेरा वर्षांच्या खांद्याला जड जाणारच. आत्ता विकत घेऊ नका, हात अजून वाढतोय, ग्रिप वर्षभरात लहान होईल. क्लबला विचारा, लहान मुलांसाठी छोट्या हवेच्या सिलिंडरचं, छोट्या ग्रिपचं पिस्तूल असतं का. पहिले काही महिने टेबलावर आधार ठेवून मारू दे, त्यात ट्रिगर आणि साईट शिकते, खांद्याला त्रास नाही. दुखलं की थांबायचं, हे तिला बजावून सांगा, मुलं सांगत नाहीत. लायसन्सचं म्हणाल तर ०.१७७ बोअर आणि २० जूलच्या आतल्या एअर पिस्तूलला लागत नाही, स्पर्धेची पिस्तुलं पाच-सहा जूलचीच असतात. पण घरी कुलपात, पेलेट वेगळे ठेवलेले, आणि मोठं माणूस समोर असल्याशिवाय पेटी उघडायची नाही.

मुलीची_आई

खूप खूप आभार. तिला आजच वाचून दाखवते.

ब्र्नोत_पुणेकर

मी मूळचा सहकारनगरचा, आता सहा वर्षं चेकियात. इथे प्रॅक्टिकल शूटिंग करतो, आयपीएससी संघटनेच्या नियमांनी. तिकडे व्हिडिओ बघून मला बरेच जण विचारतात म्हणून लिहितो.

आमच्याकडे उभं राहून एकाच टार्गेटवर मारत नाहीत, स्टेज असते, होल्स्टरमधून पिस्तूल काढायचं, पळायचं, भिंतीआडून मारायचं, मॅगझीन बदलायचं. गुण भागिले वेळ म्हणजे हिट फॅक्टर. समजा बारा शॉट, मायनरमधे (कमी ताकदीच्या काडतुसांचा गट) सगळे ए (मधला भाग, पाच गुण) लागले, ६० गुण, ८ सेकंद, हिट फॅक्टर ७.५. दोन सी (बाहेरचा भाग, तीन गुण) गेले पण वेळ ७ सेकंद, ५६ भागिले ७, म्हणजे ८. तिथवर घाई फायद्याची. पण एक शॉट पूर्ण चुकला तर त्याचे पाच गेलेच, वर दहा दंड, ४५ गुण, आणि तुम्ही साडेसहा सेकंदात संपवलं तरी ६.९ च. पहिलं वर्ष मी असंच वेगाच्या मागे धावून घालवलं.

पिस्तूल माझं सीझेड शॅडो २. इथे सगळे स्प्रिंगा आणि ट्रिगरबद्दल बोलतात. माझ्या डिव्हिजनमधे (पिस्तुलांच्या गटात) काय बदलता येतं त्यावर बंधनं आहेत, मी फक्त पुढचं साईट फायबर ऑप्टिकचं केलं आणि ग्रिपच्या पट्ट्या माझ्या हाताला जुळतील अशा घेतल्या. बाकी सगळं ड्राय फायर. टायमर लावून, रिकाम्या पिस्तुलाने, होल्स्टरमधून काढून पहिल्या शॉटपर्यंत. आणि पळताना बोट ट्रिगरबाहेर, नळी कायम पुढच्या दिशेला, यात चुकलं की त्याच क्षणी स्पर्धेतून बाहेर. मला एकदा काढलंय. बरोबर काढलं.

बालेवाडीला कॉलेजात असताना दोन वर्षं १० मीटर मारलं होतं तेच इथे कामाला येतं. लांबच्या स्टील प्लेटवर सगळे धडाधड मारतात आणि चुकतात, मी एक श्वास जास्त घेतो, फ्रंट साईट बघतो, आणि प्लेट पडते. कर्वेनगरकर, तुम्ही जे करताय ते वाया जात नाही हो.

जुनी_पेठ

एक राहिलंच. ७५ मिनिटांत ६० शॉट, म्हणजे एका शॉटला सव्वा मिनिट. दहा सेकंदांत शॉट गेला नाही तर हात खाली घ्या. हात खाली घेणं हा सुद्धा सराव आहे, रोज दहा वेळा मुद्दाम करा, पूर्ण होल्ड घ्या, ट्रिगर भिंतीपर्यंत न्या, आणि न मारता खाली घ्या. बोटाला परत फिरायची सवय लागली पाहिजे. मॅचमधे आठ-नऊ सेकंद झाले, डोळा थकला, तरी आपण “आता जाऊच दे” म्हणून दाबतो, तिथेच सात आणि आठ येतात.

कॅन्टोन्मेंट

+१. आणि सिलिंडरवरची तारीख बघा सेकंडहँड आहे म्हणताय तर. दहा वर्षांच्या वर गेलेलं सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, आणि सुरक्षिततेच्या दृष्टीनेही वापरू नये.

कर्वेनगरकर

सात आठवड्यांनी येतोय. ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांना सांगितल्याशिवाय राहवेना.

सिलिंडर दहा वर्षं ओलांडून गेलेलं निघालं, नवं घेतलं, तेवढाच खर्च. ट्रिगर रेंजवरच्या एका अनुभवी सरांसमोर ५१५ वर आणला, नेलपॉलिश बायकोचं, ठिपका अजून शाबूत आहे. ग्रिपचं काम चार रविवार चाललं. पावडरचे पहिले पाच फोटो पाच वेगळ्या माणसांच्या हाताचे वाटत होते. बोटाजवळचं लाकूड जेमतेम दोन मिलिमीटर काढलं असेल, आणि खळग्यापाशी नखाएवढी पुट्टी. काल काढलेले पाच फोटो एकावर एक ठेवले तर जवळपास सारखे.

भिंत रोज, मुलं झोपल्यावर, हॉलमधे. दोन दिवस चुकले, तेही ऑफिसच्या रिलीजमुळे. तेराचे आता वीसमधे चार झुकतात. स्कोअर लगेच वाढला नाही, पहिले तीन आठवडे तर ५४० च्या खाली गेला कारण सगळंच नवीन होतं, तेव्हा वही नसती तर मी परत स्क्रू फिरवले असते. मग ५५३, ५४९, ५५७. परवा शनिवारी ५६१. शेवटच्या सीरिजमधे सहा वेळा हात खाली घेतला, घड्याळात चार मिनिटं उरली होती आणि पाय थरथरत होते, तरी घेतला. ९५.

सात-आठ वाजताचे शॉट अजून येतात. पण आता येण्याआधी कळतं, शॉट तुटतानाच फ्रंट साईट झुकलेलं दिसतं, स्क्रीन बघावी लागत नाही.

सुभेदार साहेब, तुम्ही रविवारी रेंजवर असता का? एकदा मागे उभं राहून बघाल का माझं?

निवृत्त_सुभेदार

सकाळी सात ते नऊ असतो. वही घेऊन या.